जाड तेल की योग्य तेल?

उन्हाळा लागला, की साक्री-पिंपळनेर भागातल्या गॅरेजवर एक मागणी हमखास ऐकू येते : "भाऊ, ऊन फार आहे, जरा जाड ऑईल टाका." खानदेशात मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो, त्यामुळे हे पटतंही. पण ते खरं आहे का?

डब्यावर '१०डब्ल्यू-३०' किंवा '२०डब्ल्यू-५०' असे आकडे असतात. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा लहान, तितकं तेल थंडीत चटकन वाहतं. दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला तेल किती दाट राहतं, ते सांगतो. म्हणजे तापलेल्या इंजिनाचा विचार कंपनीने आधीच केलेला असतो. उगाच दाट तेल घातलं, तर सकाळी गाडी सुरू करताना ते इंजिनाच्या वरच्या भागात उशिरा पोचतं. झीज वाढते, पेट्रोलही जास्त जातं.

हिरोच्या स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३० सांगितलेलं आहे, बजाजच्या अनेक गाड्यांना २०डब्ल्यू-५०. म्हणून शेजाऱ्याचं ऐकण्याआधी गाडीसोबत आलेली पुस्तिका पाहावी.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. मोटारीत क्लच इंजिनाच्या तेलात नसतो. आपल्या बहुतेक मोटारसायकलींत मात्र इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना एकच तेल पुरतं. मोटारीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. ती क्लचप्लेटवर बसली, की क्लच घसरू लागतो. दोघं जण आणि वर एखादी गोणी घेऊन कोंडाईबारीचा घाट चढताना इंजिन ओरडतं, पण गाडी ओढत नाही. मागून ट्रक येत असेल, तर हा जिवाशी खेळ आहे. म्हणून डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए-२' ही खूण पाहा. 'एमबी' ही खूण गिअर नसलेल्या स्कूटरच्या तेलावर असते. घरात ट्रॅक्टरच्या तेलाचा डबा उघडा आहे म्हणून त्यातलंच ओतू नका.

तेल काळं पडलं म्हणजे ते बिघडलंच, असं नाही. इंजिनातली काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. बदलायची वेळ पुस्तिकेतल्या किलोमीटरवर ठरवा. धुळीच्या शेतरस्त्यावर रोज गाडी चालत असेल, तर थोडं आधी बदला. मधल्या काळात पातळी तपासत राहा, कारण शंभर सीसीच्या गाडीत तेल जेमतेम एक लिटर मावतं. सुटं तेल घेऊ नका, सीलबंद डबा डोळ्यांसमोर फोडून घ्या. काढलेलं तेल बांधावर किंवा कान नदीच्या पात्रात ओतू नका, गॅरेजवाल्याच्या पिंपात जमा करा.

शेवटी, ब्रँड कोणताही घ्या. आधी पुस्तिकेतला आकडा आणि डब्यावरची खूण जुळवा.