धर्माचा रकाना



‘अमेरिकेत काय काय पाहिलंस ते पोरांना सांग,’ म्हणून मला इथं उभं केलंय. पाहिलं बरंच, पण बोलणार आहे एकाच जागेबद्दल. वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट मेमोरियल म्युझियम. १९९३ साली ते उघडलं. हिटलरच्या राजवटीनं युरोपातल्या ६० लाख ज्यूंना मारलं, त्याचा इतिहास तिथं आहे.

आत शिरताना एक छोटं ओळखपत्र उचलायचं. त्यात त्या काळातल्या एका खऱ्या माणसाची हकिगत असते. मग पोलादी लिफ्टनं वरच्या मजल्यावर जायचं आणि एकेक मजला बघत खाली यायचं. माणसं भरून नेली जात तसला रेल्वेचा डबा आहे. मारलेल्यांच्या बुटांचा ढीग आहे, तिथं कुणी बोलत नाही. पण मी सगळ्यात जास्त वेळ उभा राहिलो एका मशीनपाशी, कारण ते माझ्या धंद्यातलं होतं.

हॉलरिथ मशीन. कॉम्प्युटरच्या आधीची गोष्ट. माणसाची माहिती पुठ्ठ्याच्या कार्डावर छिद्रं पाडून नोंदवायची, मशीन ती कार्डं वाचून वेगळी काढतं आणि मोजतं. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेसाठी हे तंत्र निघालं. १९३३ च्या जर्मन जनगणनेत तेच वापरलं गेलं. धर्माच्या रकान्यात प्रोटेस्टंटांसाठी एक जागा, कॅथलिकांसाठी दुसरी, ज्यूंसाठी तिसरी. १९३९ च्या जनगणनेत तर वेगळं कार्डच होतं. तुझे दोन आजोबा, दोन आज्या, यांच्यापैकी वंशानं ज्यू कोण, ते लिही. म्हणजे तू स्वतः काय मानतोस, याला किंमतच उरली नाही.

डेटाबेसमध्ये एक कॉलम वाढवायचा, तर मला दहा मिनिटं लागतात. कशाला हवाय, हे विचारायची आमच्याकडं पद्धत नाही. तिकीट येतं, काम होतं. ते मशीन चालवणारे काही राक्षस नव्हते, नोकरीवर आलेले लोक होते. तुमच्यातले निम्मे इंजिनिअरिंगला आहात, म्हणून हे सांगतोय.

आणि रकाना वाईट हेतूनंच तयार होतो असंही नाही. हॉलंडमध्ये लोकसंख्येच्या नोंदी फार नीट ठेवलेल्या होत्या, धर्मासकट. त्यामागं कुणाचं वैर नव्हतं. पुढं १९४० मध्ये जर्मन फौजा आल्या आणि नीट ठेवलेलं ते दफ्तर त्यांच्या हातात पडलं. तिथल्या सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी १ लाखाहून जास्त मारले गेले. २७ मार्च १९४३ ला काही डच लोक पोलिसांचे कपडे घालून ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात घुसले आणि त्यांनी दफ्तराला आग लावली. थोडीच कार्डं जळाली. पकडलेल्यांपैकी १२ जणांना जुलैमध्ये गोळ्या घातल्या. त्यांच्यात चित्रकार होते, शिल्पकार होते. कागद जाळायला ही माणसं जिवावर उदार झाली, कारण त्या कागदांची ताकद त्यांना कळली होती.

आता तुमच्या मनातलं बोलतो. परत आल्यावर मी मोहल्ल्यातल्या पोरांना हे सांगत होतो, तेव्हा एकानं लगेच विचारलं, ‘भाईजान, यहुद्यांचं दुःख आम्ही का ऐकायचं? गाझात काय चाललंय ते दिसत नाही का?’ दिसतं, आणि रात्री झोप लागत नाही. पण व्हॉट्सॲपवर ‘होलोकॉस्ट झालाच नाही’ असलं काहीतरी पुढं पाठवून गाझातल्या एका लेकराच्या पोटात घास जात नाही. मेलेल्यांना खोटं ठरवायचं आणि आपल्या मेलेल्यांसाठी न्याय मागायचा, हे एका तोंडानं जमत नाही. आणखी एक. यहुदी म्हणजे कोण, हे तुम्हाला मोबाइलवरून कळतं. कोकणातल्या आपल्या वाडवडिलांना ते शेजारावरून कळायचं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून बेने इस्राएलींना शनवार तेलीच म्हणत. घरात बोलायचे मराठी.

संग्रहालयातून आल्यावर मी वाचत गेलो आणि एक नाव सापडलं. डॉ. मोहम्मद हेल्मी. इजिप्शियन मुसलमान, १९२२ साली डॉक्टरी शिकायला बर्लिनला गेले. नाझी आले आणि ‘आर्य नाही’ म्हणून त्यांची इस्पितळातली नोकरी गेली. जर्मन मुलीशी लग्न करायलाही बंदी. १९३९ मध्ये अटक झाली. सुटल्यावर पाळत होतीच, तरी या माणसानं आना बोरोस या ज्यू मुलीला १९४२ पासून लढाई संपेपर्यंत लपवलं. तिच्या आजीला एका जर्मन बाईच्या घरी ठेवलं.

त्याच वेळी त्याच शहरात जेरुसलेमचे मुफ्ती अमीन अल-हुसैनी राहत होते. १९४१ च्या नोव्हेंबरात ते हिटलरला भेटले, आणि बर्लिन रेडिओवरून अरबीत ज्यूंविरुद्ध बोलत राहिले. तेही आपल्यातलेच. हेल्मींचं नाव अभिमानानं घेणाऱ्यानं मुफ्तींचं नाव गिळून टाकू नये. १९४२ च्या अखेरीस बर्लिनच्या इस्लामी केंद्राच्या उद्घाटनाला मुफ्तींचं भाषण झालं. हेल्मींनी आनासाठी ‘हिनं इस्लाम स्वीकारला आहे’ असा दाखला मिळवला, तो त्याच केंद्राकडून. तिच्या धर्माचा रकाना त्यांनी बदलून घेतला आणि ती वाचली.

हेल्मी १९८२ मध्ये वारले. २०१३ मध्ये इस्राएलच्या याद वाशेम संस्थेनं, ज्यूंना वाचवणाऱ्यांना देतात तो सन्मान त्यांना जाहीर केला. असा सन्मान मिळालेले ते पहिले अरब. नातेवाइकांनी नाही म्हटलं, इस्राएलकडून नको. त्यांच्यावर मी रागावणार नाही, आणि तुम्हीही रागावू नका. चार वर्षांनी घरातल्याच एकानं तो स्वीकारला, तोही इस्राएलच्या वकिलातीत नाही, बर्लिनमध्ये जर्मनीच्या परराष्ट्र खात्यात. त्या चार वर्षांत कैरोतल्या त्या घरात काय काय बोलणं झालं असेल, हे मला ऐकायला फार आवडलं असतं.

माझं बोलून झालं. आता तुम्ही विचारा.