उतारावरील सहाध्यायी

आपल्या परभणी जिल्ह्यात आकाशातून बर्फ उतरतो तो गारांच्या रूपाने, आणि त्याच्या मागोमाग बांधावर येतो तो पंचनाम्याचे कागद घेतलेला तलाठी. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चात मराठवाड्यावर झालेल्या गारपिटीने ज्यांची उभी ज्वारी, काढणीला आलेला गहू आणि फळबागा डोळ्यांदेखत भुईसपाट केल्या, त्यांच्यापुढे बर्फावरील खेळाची गोष्ट काढणे हे किंचित धाडसाचेच आहे. तरीही ती काढतो, कारण या काळ्या जमिनीत वाढलेली कित्येक मुले आज उत्तर अमेरिकेतील हिमप्रदेशांत संसार थाटून बसली आहेत. माझा धाकटा मुलगा त्यांपैकीच एक, आणि गेल्या हिवाळ्यात मिशिगन राज्यातील एका टेकडीच्या पायथ्याशी, कानटोपीवर शाल गुंडाळून उभा असताना, मी त्याला आणि त्याच्या सात वर्षांच्या लेकीला एकाच शिक्षकापुढे, एकाच इयत्तेत उभे राहिलेले पाहिले.

स्नोबोर्डिंग या नावाच्या या क्रीडेचा एक उगम त्याच राज्यात, मिशिगन सरोवराच्या काठावरील मस्किगन या गावी सापडतो. 1965 च्या नाताळच्या दिवशी शेर्मन पॉपेन नावाच्या एका अभियंत्याने, घरात कंटाळलेल्या आपल्या मुलींना बाहेर रमविण्यासाठी, बर्फावर घसरण्याच्या दोन पट्ट्या एकमेकींना जोडल्या आणि त्यांवर आडवे उभे राहून उतरण्याची युक्ती काढली. बापाने लेकींसाठी केलेली ही खटपट शेजारच्या मुलांनी उचलली, कारखानदारांनी तिचे खेळणे केले, इतरांच्या हातून तिचे रूप पालटत गेले, आणि 1998 साली जपानमधील नागानो येथे तिला ऑलिंपिकचा दाखला मिळाला.

खेळ दिसतो सोपा. वस्तुतः तो देहाच्या सर्व सवयींविरुद्ध पुकारलेले बंड आहे. दोन्ही पाय एकाच फळीला पट्ट्यांनी जखडलेले, अंग उताराला आडवे, आणि दृष्टी मात्र खांद्यावरून खाली. कोणाचा डावा पाय पुढे राहणार व कोणाचा उजवा, हे ज्याचे त्याचे शरीर ठरविते. आमच्याकडे बापाचा डावा, लेकीचा उजवा, तेव्हा वंशपरंपरेचा कायदा येथे लागू नसावा. फळीला दोन कडा असतात, एक टाचांकडची व दुसरी चवड्यांकडची, आणि सारी विद्या या दोहोंपैकी कोणती कड बर्फात रुतवायची व कोणती उचलून धरायची, यातच साठविलेली आहे. उताराकडची कड नकळत खाली टेकली की ती बर्फात अडकते आणि माणूस काय झाले हे कळण्यापूर्वीच आडवा होतो. म्हणून शिक्षकाने पहिला पाठ दिला तो पडण्याचा: हात पसरून तळव्यांवर पडू नये, कारण नवशिक्यांची मनगटे तेथेच मोडतात, मुठी मिटून, अंग आखडून, बाजूला लोळावे.

मुलगी पडे आणि उठे. तिचे डोके भुईपासून असे कितीसे उंच, वजन ते किती, आणि लोक काय म्हणतील या चिंतेने तिच्या मनात अद्याप खाते उघडलेले नव्हते. बाप पडे तेव्हा मात्र सहा फुटांचा ऐवज कोसळे, आणि उठताना तो प्रथम आजूबाजूला कोणी पाहिले काय याचा अंदाज घेई. तिसऱ्या प्रहरी लेक त्याच्या शेजारी बसून सांगत होती, ‘‘बाबा, पायांकडे नको बघूस, जिकडे जायचंय तिकडे बघ.’’ हे वाक्य शिक्षकाचेच होते, पण बापाच्या अंगी ते लेकीच्या तोंडूनच उतरले, हे मी पायथ्यावरून स्पष्ट पाहिले.

आपल्याकडे विद्या नेहमी वरून खाली वाहत आली. आमच्या गंगाखेड भागात मुलाच्या पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधून त्याला विहिरीत सोडीत, आणि कमरेचा दोर काठावरच्या जाणत्याच्या हाती असे; तिफण धरणे असो, बैल जुंपणे असो, शिकविणाऱ्याला ते कधीकाळी येत नव्हते याची शंकाही मुलाला येत नसे. त्या व्यवस्थेत दरारा होता, आणि दराऱ्याइतकीच निर्धास्तीही होती, कारण दोर धरणारा हात पक्का होता. बर्फावर माझ्या मुलाचा दरारा गेला. त्याबद्दल मला फारशी हळहळ वाटत नाही. परंतु दोघेही नवशिके असतील तर दोर कोणाच्या हाती, हा प्रश्न उरतोच, आणि म्हणूनच अशा जोडीने तिसऱ्याकडून, पगारी व जाणत्या शिक्षकाकडून, शिकावे, बापाने मध्येच गुरुपदाचा अंमल चालवू नये, असे माझे ठाम मत आहे.

ज्यांना परदेश दूर वाटतो त्यांना काश्मीरमधील गुलमर्ग आहे, जेथील तारमार्ग अफरवट पर्वतावर सुमारे 13,000 फुटांपर्यंत नेतो. पण तोही खर्च आपल्या खिशाला सहज परवडण्याजोगा नव्हे. मला अधिक निकडीची वाटते ती दुसरी गोष्ट. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या काठी धुणी धुण्यात ज्यांचे आयुष्य गेले, अशा या जिल्ह्यातील असंख्य आयांना पोहता येत नाही, कारण विहिरीवर भोपळा बांधला गेला तो मुलग्यांच्या पाठीला. आई आणि लेक यांनी एकत्र शिकावे अशी विद्या येथे घराजवळच आहे. उन्हाळ्याच्या सुटीत आपल्या विहिरी तळ गाठतात, तेव्हा मुहूर्त दिवाळीच्या सुटीचा धरावा: पाऊस चांगला झाला असेल तर पाणी वर आलेले असते, उतरायला पायऱ्या थोड्या लागतात, आणि गावात पट्टीची पोहणारी एखादी बाई असेल तर दोर तिच्या हाती द्यावा.