खिडकीपलीकडचा कारभार

विजेचें बिल भरणें, आगगाडींतील जागा राखून ठेवणें, परीक्षेचा निकाल पाहणें, नाटकाचें तिकीट काढणें, हीं कामें आतां घरबसल्या होतात. पडद्यावर एक कोरा अर्ज दिसतो. माणूस त्यांत आपलें नांव लिहितो, एक बटण दाबतो आणि क्षणार्धांत उत्तर येतें. त्या क्षणार्धांत काय घडलें, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. पोस्टाच्या खिडकींतून पैसे आंत सरकवले आणि पावती बाहेर आली, कीं गिऱ्हाइकाचें समाधान होतें. आंतल्या कारकुनानें कोणती वही उघडली आणि कोठें नोंद केली, याची त्याला पर्वा नसते. वेबवरील अर्जाच्या पाठीमागेंही असाच एक कारकून बसलेला असतो. दूर कोठें तरी अहोरात्र चालू असलेल्या संगणकाला सर्व्हर म्हणतात, आणि त्या सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम हाच तो कारकून होय.

हा कारकून घडविण्याची विद्या आज पुष्कळ तरुण-तरुणी शिकत आहेत. कित्येक श्रोत्यांच्या घरींही एखादा मुलगा किंवा मुलगी रात्रीं उशीरापर्यंत याच अभ्यासांत गढलेली असेल. या अभ्यासांत सोपें काय, कठीण काय, आणि बहुधा शिकावयाचें राहून जातें तें काय, याचा थोडा विचार करणें उपयुक्त ठरेल.

वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं जिनिव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेंत मांडली. आरंभीं सर्व्हरचें काम ग्रंथालयांतील शिपायासारखें होतें. मागितलेलें पान कपाटांतून काढावें आणि जसेंच्या तसें हातीं द्यावें, एवढेंच. १९९३ सालीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या संस्थेंत एक नवी सोय निघाली. सर्व्हरनें तयार पान देण्याऐवजीं एखादा प्रोग्राम चालवावा, आणि त्या प्रोग्रामनें त्याच क्षणीं रचलेलें पान पाठवावें, अशी ती सोय होती. तिला सीजीआय म्हणतात. येथून शिपायाचा कारकून झाला.

ही कारकुनी सामान्य माणसाच्या आवांक्यांत आणण्याचें श्रेय बऱ्याच अंशीं रास्मुस लर्डॉर्फ यांच्याकडे जातें. ग्रीनलंडमध्यें जन्मलेल्या आणि कॅनडांत शिकलेल्या या गृहस्थांनीं, आपलें स्वतःचें पान किती लोक पाहून जातात हें कळावें म्हणून, १९९४ सालीं कांहीं लहान प्रोग्राम लिहिले आणि १९९५ च्या जूनमध्यें ते सर्वांना खुले केले. त्यांतूनच पीएचपी ही भाषा वाढली. तिची तिसरी आवृत्ति १९९८ सालीं निघाली. तिच्या रचनेंत झीव सुरास्की व अँडी गुटमन्स या इझरायलमधील दोन तरुणांचा मोठा वांटा होता. विकिपीडियासारखा प्रचंड ज्ञानकोश आजही याच भाषेच्या आधारें चालतो. तिची लोकप्रियता सकारण होती. साध्या पानाच्या मधोमध दोन ओळी लिहाव्या, पान सर्व्हरवर ठेवावें, आणि तें पान बोलूं लागावें! नवशिक्यास एका संध्याकाळींत आपला अर्ज चालतांना दिसे.

परंतु या सोपेपणांतच एक धडा दडलेला होता. पीएचपीच्या जुन्या आवृत्त्यांत अशी तजवीज होती, कीं अर्जांत ‘शहर’ नांवाची चौकट असली म्हणजे प्रोग्रामांतही ‘शहर’ नांवाची पेटी आपोआप भरून तयार व्हावी. शिकणाराचे श्रम वांचले. पण चौकटींचीं नांवें पाहुणाच ठरवूं लागला तर? अर्जांत नसलेली ‘मालक’ नांवाची चौकट त्यानें आपल्या विनंतींत घुसडली आणि तींत ‘होय’ असें लिहिलें, तर निष्काळजीपणें लिहिलेला प्रोग्राम त्याला खरोखरच मालक समजून बसे. जें शिकणाराला सोपें झालें, तें चोरालाही सोपें झालें. अखेर २००२ च्या एप्रिलमध्यें ही तजवीज मुळांत बंद ठेवूनच भाषा देण्यास आरंभ झाला, आणि २०१२ सालच्या आवृत्तींतून ती समूळ काढून टाकण्यांत आली.

येथें या विद्येचें मर्म हातीं लागतें. अर्ज दाखविणारा ब्राउझर हा पाहुण्याच्या घरांत, पाहुण्याच्या यंत्रावर चालतो. त्यामुळें तेथील प्रत्येक गोष्ट पाहुण्याच्या मुठींत असते. ‘वयाच्या चौकटींत आंकडाच लिहा’ अशी ताकीद ब्राउझरनें दिली, तर ती प्रामाणिक माणसाची चूक सुधारण्यापुरती सोय होय. तिला पहारा समजूं नये. खरी तपासणी खिडकीच्या आंत, सर्व्हरवरच झाली पाहिजे.

दुसरी गोष्ट स्मरणाची. हा कारकून कमालीचा विसराळू आहे. वेबवरील देवघेव ज्या एचटीटीपी नांवाच्या नियमांनीं चालते, त्यांत प्रत्येक विनंती स्वतंत्र समजली जाते. मागच्या क्षणीं कोण येऊन गेलें याची आठवण राहत नाहीं. यावर १९९४ सालीं नेटस्केप कंपनींतील लू माँटुली यांनीं कुकी नांवाचा उपाय काढला. पूर्वीं बँकेंत चेक दिल्यावर गिऱ्हाइकाच्या हातीं क्रमांकाचा पितळी बिल्ला पडत असे, तसाच हा प्रकार. सर्व्हर एक खूण देतो आणि ब्राउझर ती पुढल्या प्रत्येक विनंतीबरोबर परत दाखवितो. मात्र बिल्ल्यावर ४१ हा आंकडा असला, तर लबाड मनुष्य ४२ चा बिल्ला घरींच बनवील. म्हणून ही खूण लांबलचक आणि कोणालाही तर्क करतां येणार नाहीं अशी असावी लागते. आणि गिऱ्हाइकाची शिल्लक कधींही बिल्ल्यावर लिहावयाची नसते, ती आंतल्या वहींतच असली पाहिजे.

आंतली वही म्हणजे डेटाबेस. त्याच्याशीं बोलण्याची एसक्यूएल ही भाषा १९७४ सालच्या सुमारास आयबीएम कंपनींत डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनीं रचली. कारकुनानें दप्तरखान्याकडे चिठ्ठी पाठवावी, ‘अमुक नांवाच्या माणसाचें पान द्या’, आणि ‘अमुक’ या जागीं गिऱ्हाइकानें सांगितलेलें नांव जसेंच्या तसें लिहावें, ही नवशिक्याची सहज पद्धति. आतां एखाद्यानें आपलें नांव म्हणून ‘गोविंद, आणि बाकी सर्वांचींही पानें द्या’ असें सांगितलें, तर? दप्तरखान्याला नांव कोठें संपलें आणि हुकूम कोठें सुरू झाला हें कळत नाहीं. तो सारीं पानें बाहेर पाठवितो. ही युक्ति १९९८ च्या डिसेंबरमध्यें एका नियतकालिकांत उघडपणें वर्णिलेली आहे, आणि तिचा उपायही साधा आहे. हुकूम आणि नांव एकाच चिठ्ठीवर न लिहितां निरनिराळे पाठवावेत, म्हणजे नांवांत कांहींही लिहिलेलें असलें तरी तें नांवच राहतें. उपाय एवढा सोपा असूनही तो न केल्यानें काय होतें, याचें उदाहरण २००९ च्या डिसेंबरमध्यें घडलें. रॉकयू या अमेरिकन कंपनीच्या दप्तरांतून याच वाटेनें सुमारें ३ कोटी २० लक्ष पासवर्ड बाहेर गेले. आणि ते वाचतां येतील अशा उघड्या अक्षरांत लिहून ठेवलेले होते.

वस्तुतः पासवर्ड लिहून ठेवण्याची गरजच नसते. त्यावर गणिताची अशी एक क्रिया करतां येते, कीं फळावरून मूळ पासवर्ड काढण्याची वाट उरत नाहीं. आणि तर्कानें एकेक पासवर्ड घालून पाहणाराची दमछाक व्हावी म्हणून ती क्रिया मुद्दाम संथ ठेवतात. नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएर यांनीं १९९९ सालीं प्रसिद्ध केलेली बीक्रिप्ट ही पद्धति अशीच आहे. २०१३ पासून पीएचपींत तिच्यासाठीं तयार सोय आहे. विद्यार्थ्यानें स्वतःची नवी युक्ति लढविण्याचें कारण नाहीं.

कांहीं दोष लबाडांमुळें उद्भवत नाहींत, ते गर्दीमुळें उद्भवतात. समजा, नाट्यगृहांत एकच खुर्ची उरली आहे. पुण्याच्या एका बाईंनीं आणि ठाण्याच्या एका गृहस्थांनीं तिच्यासाठीं एकाच क्षणीं विचारणा केली. प्रोग्रामनें बाईंसाठीं पाहिलें, खुर्ची रिकामी. नोंद करण्यापूर्वींच गृहस्थांसाठीं पाहिलें, खुर्ची रिकामीच. दोघांचेही पैसे घेतले गेले आणि खुर्ची एक! पाहणें आणि नोंदणें हीं दोन कामें अविभाज्य करून टाकलीं, म्हणजे हा घोटाळा टळतो. अशा अविभाज्य व्यवहारांच्या शास्त्रांतील कामगिरीबद्दल जिम ग्रे यांना १९९८ सालचें ट्युरिंग पारितोषिक मिळालें. गंमत अशी, कीं आपल्या खोलींत एकट्यानें प्रोग्राम चालवून पाहणाऱ्या विद्यार्थ्याला हा दोष कधींच दिसत नाहीं, कारण त्याच्या दुकानांत गिऱ्हाईक तो एकटाच असतो.

मराठी घरांतील विद्यार्थ्यास आणखी एक अनुभव लवकरच येतो. देवनागरीला युनिकोडमध्यें १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून स्थान आहे. परंतु यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतींत इंग्रजी अक्षरास एक बाइट पुरतो, तर देवनागरींतील प्रत्येक चिन्हास तीन लागतात. ‘क्षितिज’ हें नांव डोळ्यांना तीन अक्षरांचें दिसतें; यंत्राच्या हिशेबीं त्यांत सात चिन्हें, म्हणजे एकवीस बाइट आहेत. ज्यानें नांवासाठीं वीसच बाइट राखून ठेवले, त्याच्या वहींत शेवटला ‘ज’ मोडून पडतो. ज्याचें नांव मोडलें त्याला हा दोष क्षुल्लक वाटत नाहीं.

मग या विद्येचा आरंभ कसा करावा? भाषा कोणती, यावर फार दिवस घालवूं नयेत. पीएचपी, पायथन, जावास्क्रिप्ट, जावा, कोणतीही चालेल. प्रथम एक साधी अभिप्रायवही करावी: पाहुण्यानें नांव व चार ओळी लिहाव्या आणि त्या पुढल्या पाहुण्यास दिसाव्या. एवढ्या लहान कामांत वर सांगितलेले बहुतेक सारे प्रश्न उभे राहतात. ब्राउझर व सर्व्हर यांच्यामधील निरोप एकदां तरी स्वतःच्या डोळ्यांनीं वाचावेत. रेल्स, जँगो, लॅरावेल यांसारखे तयार सांगाडे पुढें जरूर वापरावे. अनेकांच्या अनुभवाचें सार त्यांत सांठविलेलें आहे. परंतु तो सांगाडा आपल्यासाठीं कोणकोणतीं दारें लावून घेतो हें ज्याला ठाऊक नाहीं, तो एखादें दार अजाणतां उघडें टाकतो. आज तर मागाल तो प्रोग्राम लिहून देणारीं साधनेंही हाताशीं आहेत. त्यांच्यामुळें लिहिण्याचे श्रम पुष्कळ वांचतात. लिहिलेलें तपासण्याची जबाबदारी मात्र माणसावरच राहते.

कारण त्या वहींत जीं नांवें लिहिलीं जातात, तीं बहुतेक अनोळखी माणसांचीं असतात. कोणी आपला पत्ता दिलेला असतो, कोणी पैसे, कोणी आपला आजार सांगितलेला असतो. आणि खिडकीच्या आंत कोण बसलें आहे हें न पाहतां विश्वासानें दिलेला असतो.

तेव्हां घरांतील मुलगी ‘माझा प्रोग्राम चालूं लागला’ असें आनंदानें सांगत आली, तर वडील माणसांनीं तिचें कौतुक अवश्य करावें. संगणकांतलें कांहीं कळत नसलें तरी त्यांना दोन प्रश्न विचारतां येतील. कोणी मुद्दाम वांकडें लिहिलें, तर काय होतें? आणि दोघे एकदम आले, तर काय होतें? ती जर कांहीं न बोलतां पुन्हां आपल्या खोलींत जाऊन बसली, तर तिचा खरा अभ्यास त्या रात्रीं सुरू झाला असें समजावें.