साखरेचा कोटा आणि शेजारची क्रांती

(वडगाव रासाई येथील व्याख्यान)



ऊसतोड ज्या कारखान्याच्या हाती, त्याच्याशी वैर धरून शेती चालत नाही, हे भीमाकाठच्या या गावात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. फ्लोरिडापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवरचा क्यूबा हा अख्खा देश असाच एका गिऱ्हाइकाच्या दावणीला बांधलेला होता. ऊस त्याचा, पण बाजारपेठ अमेरिकेची, आणि उत्तम जमिनीचा मोठा हिस्साही अमेरिकन कंपन्यांचा.

१९५९ च्या जानेवारीत बॅटिस्टाची राजवट कोसळली. मे महिन्यात क्रांतिकारी सरकारने जमिनीवर कमाल मर्यादा घातली आणि मोबदल्यासाठी मालकांनी करापुरती नोंदवलेली किंमतच प्रमाण धरली. कर भरताना जमीन कवडीमोल, मोबदला घेताना सोन्याची. हा खेळ आपल्याकडच्या जमीनदारांनाही ठाऊक होता! वॉशिंग्टनने तत्काळ आणि भरपूर मोबदला मागितला. वाद चिघळला, तेलशुद्धीकरण कारखाने क्यूबाने ताब्यात घेतले, आणि जुलै १९६० मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी साखरेच्या कोट्यातून सात लाख टन कापले. पुढच्या एप्रिलमध्ये सी.आय.ए.ने पोसलेली फौज बे ऑफ पिग्जच्या किनाऱ्यावर उतरली. तीन दिवसांत तिचा बीमोड झाला.

हे सारे लोकशाहीच्या काळजीपोटी झाले म्हणावे, तर १९५२ साली निवडणूक मोडून सत्ता बळकावणाऱ्या बॅटिस्टाला शस्त्रे कोणी पुरवली? कॅस्ट्रोने विरोधकांना तुरुंगात डांबले, हे खरे आहे. समाजवाद्यांनी ते झाकू नये, जसे १९५६ साली हंगेरीत घुसलेले रशियाचे रणगाडे त्यांनी झाकले नाहीत. परंतु साखर त्यासाठी अडवली गेली नाही. एप्रिल १९६० मधील अमेरिकन परराष्ट्र खात्याचे एक टिपण पुढे उजेडात आले. बहुसंख्य क्यूबन जनता कॅस्ट्रोच्या पाठीशी आहे, सबब पैसा व माल तोडून उपासमार आणि नैराश्य निर्माण करावे, असा त्याचा आशय आहे. म्हणजे सरकार लोकांना हवे होते, हीच अडचण होती.

ग्वाटेमालात १९५४ साली युनायटेड फ्रूट कंपनीची पडीक जमीन वाटणाऱ्या आर्बेंझ सरकारचे तेच झाले. तेथेही तंटा करापुरत्या लिहिलेल्या किमतीचाच होता. एका देशात कसणाऱ्याला जमीन मिळाली, की शेजारच्या मळ्यांतही मागणी उठते. सातारच्या प्रतिसरकारचे स्मरण करा. लुटलेला खजिना पुन्हा भरता येतो. स्वतःचा न्याय स्वतः करू लागलेली गावे पुन्हा सरकारी कचेरीच्या दारी आणणे कठीण.

१९६२ साली लादलेली नाकेबंदी उठवावी, असे ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९२ पासून वारंवार केले. एके काळी जगाला साखर पुरवणाऱ्या या बेटाला अलीकडे साखर आयात करावी लागली. त्यात नाकेबंदीचा वाटा किती आणि घरच्या कारभाराचा किती, हा हिशेब पक्षाच्या अभ्यासवर्गांत एकदा नीट मांडला गेला पाहिजे.