आडातलं पाणी आणि ओठांतली म्हण



वैशाख सरत आलाय. आपल्या अहिल्यानगरात या दिवसांत कुणीही भेटो, बोलणं फिरून पावसावर येतं. म्हणून म्हणींवर बोलताना मी पाण्याच्याच म्हणी निवडल्या आहेत.

लहानपणी आजी आमच्या आडावर पाणी शेंदायची. दोराला तिने परसापरसावर गाठी मारलेल्या. पोहरा पाण्याला टेकला, की रहाटावर कितवी गाठ आली ते ती बघायची. होळीनंतर एखादी गाठ जास्त सुटली, की परसदारच्या भाजीचं पाणी त्याच दिवशी बंद. मी कुरकुरलो तर एवढंच म्हणायची, ‘आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?’ शाळेत याच म्हणीचा अर्थ लिहिला, ‘अंगी गुण नसलेल्याकडून अपेक्षा करू नये.’ तो खराच. पण आजी मात्र पाणीच मोजत होती.

आता नक्षत्रांकडे या. ‘पडतील स्वाती, तर पिकतील माणिक मोती.’ आपले बहुतेक तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, म्हणून भिस्त रब्बीच्या ज्वारीवर. हस्ताचा पाऊस झाला, वाफसा आला, की पेरणी. स्वाती लागते ऑक्टोबरच्या शेवटी, तेव्हा ज्वारी हातभरही नसते. पुढे पावसाचा भरवसा नाही. काळ्या रानातली ओल हीच पुंजी. त्या वेळची एक सर कणसात टपोरे दाणे भरते. अकोले तालुक्याच्या डोंगराकडे भात. तिथे ‘पडतील उत्तरा, तर भात खाईना कुत्रा’ ही म्हण लागू पडते. सप्टेंबरच्या त्या पावसाने भात इतका पिकतो, की कुत्रंही तोंड फिरवतं. पीक बदललं, की नक्षत्र बदलतं.

थोडं थोडं मिळून मोठं होतं, अशा अर्थाचीही आपली एक म्हण आहे, ‘थेंबे थेंबे तळे साचे’. ती खरी करून दाखवणारं गाव आपल्या नगर तालुक्यातच आहे, हिवरे बाजार. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. गावाने डोंगरउतारावर चर खोदले, बंधारे घातले, झाडं जगवली. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, ऊस-केळी लावायची नाही, असं ठरवलं. आजही तिथे पडलेला पाऊस मोजतात, विहिरींची पातळी बघतात आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवून पिकं ठरवतात. पाऊस कमी झाला, की आधी पिण्याचं पाणी राखतात. माझ्या आजीच्या दोराची गाठ मला त्या ताळेबंदात दिसते.

१८९९ साली रेव्हरंड मॅनवेअरिंग यांनी गोळा केलेल्या मराठी म्हणींचं पुस्तक ऑक्सफर्डहून निघालं. अशा संग्रहांचे आपल्यावर उपकार आहेत. पण पुस्तकात म्हण मिळते, ती म्हणणाऱ्या बाईचा हात दिसत नाही. तो पाहिलेली माणसं अजून आपल्या घरांत आहेत. मृगाला थोडेच दिवस उरलेत. आज घरी गेलात की त्यांच्यापाशी बसा. म्हण विचारा, आणि ती म्हटल्यावर घरात काय बंद व्हायचं, काय सुरू व्हायचं, तेही विचारून लिहून ठेवा.