पेढीच्या नावाने येणारे तोतये
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



पानिपतच्या संग्रामात, १७६१ साली, सदाशिवरावभाऊ कामास आले. पुढे काही वर्षांनी 'मीच तो भाऊ' असे सांगणारा एक तोतया निघाला आणि चांगली जाणती माणसेही त्याच्या नादी लागली. १७७६ मध्ये त्यास देहान्त शासन झाले. या तोतयाजवळ स्वतःचे असे काहीच नव्हते; होते ते केवळ उसन्या नावाचे वजन. आज बँकेच्या नावाने दूरध्वनी करणाऱ्या भामट्याचे भांडवलही तेच होय. आपल्या आयुष्याची पुंजी जेथे ठेवली, त्या पेढीवरील आपल्या विश्वासावरच तो जगतो.

त्यास ओळखावे कसे? पहिली खूण घाईची. "आपले केवायसी अपुरे आहे, आज रात्री खाते बंद होईल," असे तो बजावतो. कारण विचारास अवधी मिळाला की त्याचा डाव फसतो. खरी बँक शाखेत येऊन चौकशी करण्यास कोणासही मनाई करीत नाही. दुसरी खूण गुप्त अंकांची. ओटीपी, पिन, कार्डामागील तीन अंक ही आपल्या तिजोरीची किल्ली आहे, आणि बँकेचा कोणताही सेवक ती मागत नाही. यूपीआयचा पिन पैसे देण्यास लागतो, घेण्यास नव्हे, हेही पक्के ध्यानी असावे. तिसरी खूण म्हणजे भ्रमणध्वनीवर एखादे ॲप वा एपीके फाइल उतरवून घेण्याचा आग्रह. तीमुळे आपल्या यंत्राचा ताबा परक्याकडे जातो. पोलिसी गणवेशात पडद्यावर दिसून 'डिजिटल अटक' झाल्याचे सांगणारा तर धडधडीत खोटा. कायद्यात अशी अटकच नाही.

रिझर्व्ह बँकेनेही काही उपाय योजले आहेत. बँकांची संकेतस्थळे '.बँक.इन' या प्रत्ययाखाली आणण्यास तिने ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. तसेच व्यवहारविषयक दूरध्वनी १६०० ने आरंभ होणाऱ्या क्रमांकांवरूनच करावेत, असे बँकांस बजावले. तथापि सर्वांत खात्रीचा मार्ग जुनाच आहे. आलेला दूरध्वनी ठेवून द्यावा आणि कार्डाच्या पाठीवर किंवा पासबुकात छापलेल्या क्रमांकावर आपण स्वतः विचारावे. इंटरनेटवर शोधून सापडेल तो क्रमांक घेऊ नये. तेथेही तोतये आपले क्रमांक पेरून ठेवतात.

इतके करूनही कोणी फसलाच, तर १९३० या क्रमांकावर व आपल्या बँकेस तत्क्षणी कळवावे. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात धावत असतो. तो काढून घेतला जाण्यापूर्वीच अडविता येतो. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने असे तत्त्व घालून दिले की, गुप्त अंक आपणच दिला असल्यास कळवीपर्यंतचे नुकसान आपले, पण कळविल्यानंतरचे बँकेचे. येथे प्रत्येक घटकेस मोल आहे ते यास्तव.

आणि नेमक्या याच घटका आपण लाजेपायी दवडतो! निवृत्त गृहस्थास वाटते, मुले हसतील. विधवा भगिनीस वाटते, सून बोलेल. "शिकलेला माणूस फसलाच कसा?" हा आपला प्रश्नच चोरास पळण्यास वाट करून देतो. चोरी करणाऱ्याने लाजावे, ज्याचे चोरीस गेले त्याने नव्हे. म्हणून मंडळातील तरुणांस माझी विनंती आहे: घरातील वडीलधाऱ्यांजवळ घटकाभर बसा, बँकेचा खरा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा, आणि त्यांना वचन द्या की, काहीही घडले तरी आम्ही रागावणार नाही. ज्या घरात वृद्धांस निःशंकपणे बोलता येते, त्या घरी तोतयाचे फारसे चालत नाही.