घर गाडीला जोडून

(संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात सकाळच्या सत्रात केलेलं भाषण. बोलण्यातली वळणं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



२०२३ च्या जुलैत मी दोन महिने लेकीकडे ऑस्ट्रेलियात होते. परत आल्यापासून तुम्ही मागे लागला आहात, काय पाहिलं ते सांगा म्हणून. प्रवासवर्णन मला जमत नाही. पण त्या प्रवासात एक गोष्ट मनात रुतून बसली आहे आणि तिचा आपल्या केंद्राच्या कामाशी संबंध आहे. तिथपर्यंत पोचायला थोडं फिरावं लागेल, तेवढं चालवून घ्या.

मुलगी अॅडिलेडला राहते. शाळांना हिवाळ्याची सुट्टी लागली (तिथे जुलैत थंडी असते) तशी ती, जावई, दोन नातवंडं आणि मी अशी पाच माणसं कॅरव्हॅन घेऊन निघालो. कॅरव्हॅन म्हणजे मोटारीमागे जोडायची चाकांवरची खोली. आत पलंग, शेगडी, छोटा फ्रिज, संडास, सगळं. आधी फ्लिंडर्स डोंगररांगांचं राष्ट्रीय उद्यान, मग स्टुअर्ट हायवेने उत्तरेला कूबर पेडी, तिथून वाळवंटातलं उलुरू-काटा त्जुटा राष्ट्रीय उद्यान. अॅडिलेड ते उलुरू जवळजवळ १६०० किलोमीटर. एका टप्प्यात अडीचशे किलोमीटर पेट्रोलचा पंप नाही. तांबडी माती, खुरटी झुडपं, आणि मध्येच पन्नास मीटर लांबीचे जोडट्रक धडधडत जातात.

मला वाटलं होतं, घर सोडून निघालो. पण घर मागे जोडलेलं होतं, आणि घराबरोबर स्वयंपाकघरही आलं. तळावर पोचलं की जावई बाहेरच्या शेगडीवर भाज्या, मासे भाजायचा. शेजारचे लोक येऊन कौतुक करायचे. कांदा चिरणं, पीठ मळणं, भांडी, मुलांचे ओले कपडे, औषधं, उद्याचा शिधा हे मुलगीच करायची, आणि त्याचं कौतुक करायला कोणी येत नव्हतं. यात माझाही हात आहे हं. दुसऱ्याच दिवशी ‘मुलांना पोळी लागते’ म्हणत मीच तवा चढवला. कोणी मागितली नव्हती.

पाण्याच्या बाबतीत मात्र मी सगळ्यांची गुरू ठरले. टाकीत दीडशे लिटर, माणसं पाच. माण तालुक्यात वाढलेल्या बाईला तांब्याभर पाण्यात भांडी कशी विसळायची हे शिकवावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट सांगते. संडासाच्या खाली एक डबा असतो. तो दर दोन दिवसांनी काढून, उचलून नेऊन, ठरलेल्या जागी ओतायचा आणि धुवायचा. त्या रांगेत सकाळी डॉक्टर असतो, ट्रकवाला असतो, निवृत्त शिक्षक असतो. माझा जावई आपला डबा घेऊन त्यांच्याशी गप्पा मारत उभा असायचा. जे काम आपण पिढ्यान्‌पिढ्या एका जातीच्या डोक्यावर ठेवलं, ते काम सुट्टीतलं एक काम म्हणून चाललेलं बघून मी अवाक् झाले. त्याच्या आईला हे कळवायचं नाही, असं त्याने मला हसत सांगितलं. पुढच्या खेपेला मी डबा धुतला. मोठं काही केलं असं नाही. पण अठ्ठावन्न वर्षं मी ते केलं नव्हतं, आणि का केलं नव्हतं हे मला माहीत होतं.

आता मुद्द्याकडे येते. ग्लेनडॅम्बोच्या पुढे एक दुपार होती. त्या रस्त्यावर संध्याकाळी गाडी चालवू नये, कारण दिवस मावळताना कांगारू रस्त्यावर येतात. मुलगी म्हणाली, “इथे थांबू या. आता पुढे जायला नको.” जावई म्हणाला, अजून तासभर उजेड आहे, तू उगाच घाबरतेस. ती म्हणाली, “मी घाबरत नाहीये. मी सांगतेय.” आवाज अगदी सपाट. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसा. आणि मी, तुमची ताई, मागच्या सीटवरून म्हणाले, “जाऊ दे ना, तो म्हणतोय तर.”

वीस मिनिटांनी कांगारू आडवा आला. ब्रेक लागला, मागचं घर डुलायला लागलं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. उलटलं नाही. पोरं रडली. गाडी थांबल्यावर मुलीने खाली उतरून जोड तपासला, आणि नंतर गाडी तिनेच चालवली. मला एवढंच म्हणाली, “आई, मी ओरडले असते तर तू माझी बाजू घेतली असतीस.”

मी ते विसरायचा प्रयत्न केला, पण पुढचा रस्ता विसरू देईना.

कूबर पेडी हे ओपलच्या खाणींचं गाव. उन्हाळा एवढा कडक की निम्मे लोक जमिनीखाली कोरलेल्या घरांत राहतात. इथल्या वयस्क आदिवासी बायकांनी १९९५ मध्ये आपली एक परिषद बांधली, कुपा पिटी कुंगका त्जुटा. कुंगका म्हणजे बाई, त्जुटा म्हणजे पुष्कळ. १९९८ मध्ये सरकारने जाहीर केलं की देशाचा किरणोत्सारी कचरा या भागात पुरायचा. या म्हाताऱ्यांनी ‘इराटी वान्टी’ अशी मोहीम उघडली. अर्थ साधा आहे : विष आहे, राहू द्या, हात लावू नका. त्यांच्यातल्या काही जणींनी १९५३ मधली एमू फील्डची ब्रिटिश अणुचाचणी अनुभवली होती. त्या धुराचं काय झालं, माणसं कशी आजारी पडली, हे त्या सांगायच्या. तज्ज्ञांकडे नकाशे आणि अहवाल होते, यांच्याकडे आठवण होती. त्यांनी पत्रं लिहवून घेतली, शहरांतल्या सभांना गेल्या, सहा वर्षं रेटलं. २००३ मध्ये त्यांच्यातल्या दोघींना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला, आणि जुलै २००४ मध्ये सरकारने तो बेत सोडला. त्या समाजात गेलेल्या माणसाचं नाव उच्चारणं टाळतात, म्हणून मी नावं घेत नाही. कोकणातून आलेल्या मैत्रिणींना या लढ्याबद्दल जास्त सांगायला नको.

मग उलुरू. सपाट जमिनीतून ३४८ मीटर उठलेला एकच एक तांबडा खडक. १९८५ मध्ये ही जमीन तिथल्या अनांगू लोकांना परत मिळाली, आणि त्यांनी ती उद्यानासाठी ९९ वर्षांच्या भाड्याने सरकारला दिली. ‘चढू नका’ ही त्यांची विनंती लोक वर्षानुवर्षं वाचून चढतच राहिले. शेवटी ऑक्टोबर २०१९ पासून चढाई बंद झाली. आम्ही पायथ्याने फिरलो, पूर्ण फेरी दहा किलोमीटरच्या वर भरते. वाटेत एक गुहा लागते, कुल्पी मिन्यमाकु, म्हणजे बायकांची गुहा. इथे बायका बी वाटायच्या, रांधायच्या. नात म्हणाली, आजी, यांचं किचन! मी दगडावर हात ठेवायला गेले आणि मागे घेतला. आपलं नव्हे ते.

काही ठिकाणी फोटो काढायला मनाई आहे. काही जागा फक्त बायकांच्या, काही फक्त पुरुषांच्या. जेवढी कथा परक्यांना सांगायची तेवढीच फलकावर असते. पाणवठ्यापाशी कुनियाची कथा आहे. कुनिया म्हणजे अजगरबाई. तिच्या भाच्याला लिरू या विषारी सापांनी मारलं. ती जाब विचारायला आली तेव्हा एक लिरू तिच्या दुःखाला हसला. तिने आपल्या खणायच्या काठीने त्याच्यावर दोन घाव घातले. खडकावरच्या दोन भेगा म्हणजे ते घाव.

उद्यानात मुक्काम करता येत नाही, तळ बाहेर युलाराला. पण १९८० मध्ये तळ खडकाच्या अगदी जवळ होता. त्या वर्षी १७ ऑगस्टच्या रात्री तिथे एक कुटुंब तंबू ठोकून उतरलं होतं. आमच्यासारखंच, सुट्टीवर. दोन मुलगे आणि सव्वादोन महिन्यांची मुलगी, अझारिया. आई लिंडी चेंबरलेन ओरडली की डिंगोने, म्हणजे तिथल्या रानकुत्र्याने, बाळ नेलं. अनांगू मागकाढ्यांनी रात्रीच वाळूतला माग पाहिला. कुत्र्याने काहीतरी जड नेलंय, मध्ये एकदा खाली ठेवलंय, असं त्यांनी सांगितलं. पहिल्या चौकशीत १९८१ मध्ये हेच मान्य झालं. पण देशाला ते पटलं नाही. का? बाई टीव्हीवर रडली नाही. डिंगो कपड्यातून बाळ कसं काढेल हे तिने शांतपणे समजावून सांगितलं. तिचे कपडे नीटनेटके होते. तिचा धर्मपंथ वेगळा होता. खटल्यात मागकाढ्यांच्या सांगण्याला फारसं वजन मिळालं नाही. तज्ज्ञांनी मोटारीत बाळाचं रक्त सापडल्याचं सांगितलं. १९८२ मध्ये तिला जन्मठेप झाली तेव्हा ती गरोदर होती. तुरुंगात असतानाच तिला मुलगी झाली आणि ती तिच्यापासून काढून घेतली.

१९८६ मध्ये त्याच खडकाजवळ बाळाचं हरवलेलं जाकीट सापडलं. ते होतं असं ती सुरुवातीपासून सांगत होती. ती सुटली. ‘रक्त’ म्हणून जे दाखवलं होतं, त्यातलं बरंचसं मोटारीचा आवाज दाबायला कारखान्यात फवारलेलं रसायन निघालं. १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाली. मृत्यूच्या नोंदीत ‘डिंगो’ लिहायला मात्र २०१२ उजाडलं.

याच्यावरचा सिनेमा मी नव्वदच्या सुमाराला व्हिडिओवर पाहिला होता. आमच्या शिक्षिकांच्या खोलीत चर्चा झाली आणि मी म्हणाले होते, “निर्दोष असेल हो, पण आई असून डोळ्यांत पाणी नाही?” हे मला त्या रात्री, कॅरव्हॅनच्या पायऱ्यांवर शाल गुंडाळून बसले असताना आठवलं. मुलीचा तो सपाट आवाज आठवला. आणि मग ती बाई आठवली.

आपल्या केंद्रात बरीच वर्षांपूर्वी आली होती. तिशीची. दिराने काय केलं, कोणत्या तारखेला, घरात कोण होतं, सगळं वहीतून वाचून दाखवावं तसं सांगितलं. हुंदका नाही. मी दोनदा विचारलं, “तुला काही वाटत नाही का?” ती म्हणाली, “ताई, वाटून झालं.” ती गेल्यावर मी सहकारी मैत्रिणीला म्हणाले, रचलेलं वाटतं. आपण घरी भेट द्यायला तीन आठवडे लावले. तोवर तिला माहेरी धाडलं होतं आणि माहेरच्यांनी आम्हाला दारातूनच परत पाठवलं. ती पुन्हा आली नाही.

परत आल्यावर मी जुनं रजिस्टर काढलं. नोंद माझ्याच अक्षरात आहे. ‘मनःस्थिती’ या रकान्यात लिहिलंय : ‘शांत. भावना दिसत नाही.’ खाली लाल शाईने : ‘पडताळणी करावी.’ तिच्या आधीची बाई हुंदके देत होती, तिच्या पानावर तो लाल शेरा नाही. पुढची पन्नास-साठ पानं मी चाळली. लाल शेरे आणखीही आहेत, आणि ते फक्त माझ्या अक्षरातले नाहीत.

तो रकाना आपल्या फॉर्मवर आजही आहे. नवे फॉर्म पुढच्या महिन्यात छापायला जायचेत. जेवणानंतरच्या सत्रात मी ते रजिस्टर घेऊन बसणार आहे. ज्यांनी कधी तो रकाना भरला असेल, त्यांनी यावं.